वाघरीवरचा घाव

१

दिवस कासराभर वर आला तेव्हा फौजदार दिनकरराव बोरीच्या शिवारात पोचले. दत्तरावाच्या रानात, बांधाजवळच्या लिंबाखाली, काळ्या मातीनं रक्त पिऊन घेतलं होतं. माश्या जमल्या होत्या. पलीकडं जाळीच्या वाड्यात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गप्प उभी होती. पौषाची थंडी अजून जमिनीतून निघाली नव्हती.

ज्याचं रक्त सांडलं होतं, तो दत्तरावाचा धाकटा भाऊ भुजंग. पंचविशीतला गडी. त्याचा उजवा हात मनगटापाशी निम्मा तुटला होता. त्याला छकड्यात घालून परभणीच्या दवाखान्याकडं नेलं होतं. आणि ज्यानं कुऱ्हाड चालवली, तो कुठं पळालाच नव्हता. येडबा धनगर लिंबाच्या बुडाशी उकिडवा बसला होता. कुऱ्हाड त्यानं स्वतःच समोर आडवी ठेवली होती. धोतरावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

"कोणी मारलं?" दिनकररावांनी विचारलं.

"म्या."

"का रे?"

येडबानं समोरची कुऱ्हाड जरा पुढं सरकवली.

"भांडण झालं? त्यानं काही अपशब्द काढला?"

"माझ्याच हातानं झालं सायेब. लिवा."

चंद्रभान जमादार निजामी अमदानीपासून पोलिसात होता. राज्य बदललं, मुंबईचं सरकार आलं, टोपी बदलली. चंद्रभानची जबान तेवढी बदलली नव्हती. तो हलकेच म्हणाला, "कबूल झाला, साहेब. चला, मामला खतम."

पण मामला तिथं खतम होत नाही, हे दिनकररावांना पुरतं माहीत होतं. हात कुणाचा, ते ठरलं. आता मन बघायचं होतं. रागाच्या भरात बसलेला घाव आणि जीव घ्यायचा म्हणून घातलेला घाव, दोन्हीतून रक्त सारखंच येतं. पण कायद्यात दोघांची कलमं वेगळी. एकाला काही वर्षं, दुसऱ्याला जन्मठेप. आणि जखमी दगावला, तर फासाचा दोर. माणसाच्या मनात त्या क्षणाला काय होतं, ते हुडकून कोर्टापुढं मांडायचं, ही त्यांची नोकरी.

दिनकरराव कीर्तनवेडे माणूस. कुठं सप्ताह बसला की पटका बांधून मागच्या रांगेत मांडी घालून बसायचे, आणि बुवांनी चाल उचलली की फौजदार आपण आहोत हे विसरून टाळी धरायचे. नुकतेच झरीच्या सप्ताहात बुवा म्हणाले होते, देवानं माणसाचे हात उघडे ठेवले आणि मन छातीच्या पिंजऱ्यात झाकून ठेवलं. ते झाकण उघडायचा अधिकार त्याचा एकट्याचा. मंडळींनी माना डोलावल्या. दिनकररावांच्या मात्र काळजात चर्र झालं होतं. तेच झाकण उघडायचा पगार ते घेत होते.

एवढ्यात दत्तराव रानातून तरातरा चालत आले. त्यांच्या हातात एक दोर होता. एका टोकाला फास, दुसरं टोक सपकन तुटलेलं.

"नुसतं कुऱ्हाडीनं न्हाई, अमीनसाहेब," ते धापा टाकत म्हणाले. फौजदाराला ते अजून निजामी रिवाजानं अमीन म्हणत. "आधी गळ्यात दोर टाकला त्यानं. माझ्या भावाच्या गळ्यात! ह्यो बघा!"

येडबानं मान वर केली. दत्तरावांकडं असं बघितलं, की दत्तरावांनीच नजर फिरवली.

२

दत्तराव सांगत गेले ते असं.

येडबाची मेंढरं दरसाल त्यांच्या रानात बसायची. मेंढरं बसवली की लेंडीचं खत रानाला मिळतं, बदल्यात धनगराला धान्य. मेंढरांचा वाडा म्हणजे वाघर: अंबाडीच्या दोरीची विणलेली जाळी, मेखा ठोकून उभी केलेली. रोज सकाळी मेखा उपटायच्या आणि वाडा रानाच्या नव्या तुकड्यावर सरकवायचा.

"आदल्या दिवशीच त्यानं धमकी दिली होती," दत्तराव म्हणाले. "चार माणसांनी ऐकली. भुजंगनं वाघरीला हात लावला म्हणून. 'फिरून हिला हात लावशील तर हात तोडीन,' म्हणला. आन् सकाळी तोडला बघा! मी विहिरीवर होतो. आरडा ऐकला आन् पळत आलो. भुजंग खाली पडलेला, गळ्यात दोर, आन् ह्यो कुऱ्हाड घेऊन वर उभा."

"भुजंग काही बोलला?"

"छकड्यात घालताना म्हणला, 'येडबा.' बस, एवढंच."

चंद्रभाननं तोवर रान पालथं घातलं होतं. तो दिनकररावांना वाघरीजवळ घेऊन गेला आणि एक मेख दाखवली. अर्धी जमिनीत, अर्धी वर. माथा नुकताच ठेचलेला.

"हा मेखा ठोकत होता, साहेब. मेख कशानं ठोकतात? कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट अंगानं. म्हणजे तुंबा पुढं, पातं मागं. तशीच उचलून हाणली असती तर हाड मोडलं असतं, हात तुटला नसता. ह्यानं हातातल्या हातात कुऱ्हाड फिरवली, पातं पुढं आणलं. रागात माणूस फिरवत बसतो का? इरादा साफ हाय."

जमादार बरोबर बोलत होता. धमकी, गळ्यातला दोर, उलटी फिरवलेली कुऱ्हाड. त्यातलं एकेक वकिलाला पुरेसं होतं.

मग ते येडबाच्या पालाकडं गेले. त्याची बायको बानूबाई चुलीपुढं बसली होती. चूल विझलेली होती, तरी ती फुंकणी हातात धरून होती.

"बानूबाई, भुजंगशी तुमच्या नवऱ्याचं काय वैर होतं?"

ती हसल्यासारखी झाली. ते हसणं बघवत नव्हतं.

"वैर? सायेब, त्याची माय बाळंतपणात गेली. दत्तूमालकाचा बाप त्या उघड्या लेकराला टावेलात गुंडाळून पालावर घेऊन आला. माझं पोर तवा नुकतंच गेलं व्हतं. भुजंगा माझ्या अंगावर पेला हाय. ह्येंच्या खांद्यावर बसून हिंडला हाय. मेंढराच्या मागं."

"मग येडबानं त्याच्यावर कुऱ्हाड का घातली?"

बानूबाईनं फुंकणी खाली ठेवली, पदर तोंडावर ओढला, आणि पदराच्या आतून म्हणाली, "ते सांगत्यात ते लिवा."

ज्या पोराला दूध पाजलं, त्याचा हात तोडणाऱ्या नवऱ्यावर ती चिडलेली नव्हती. दिनकररावांच्या मनात तिथंच कुसळ रुतलं. हे नवराबायको कुणाला तरी पाठीशी घालत होते.

३

संशय सटवाजीवर जाणं साहजिक होतं. सटवाजी हा येडबाचा धाकटा भाऊ. डोक्यानं गरम, तोंडानं त्याहून गरम. विहिरीवर मेंढरांना पाणी पाजण्यावरून त्याची आणि भुजंगची झटापट झाल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला भाऊ धाकट्याचा गुन्हा अंगावर घेतो, असं पूर्वीही घडलेलं.

सटवाजी निम्मी मेंढरं घेऊन झरीच्या रस्त्याला गेला होता. तिन्हीसांजेला परतला तो घोंगडी फेकून सरळ दिनकररावांपुढं येऊन उभा राहिला.

"माझ्या भावाला कशापायी धरलं?"

"तुला नाही धरलं म्हणून," चंद्रभान म्हणाला.

"मग धरा की! म्या भुजंगाला दोन ठोसे दिले व्हते, त्यानं मला तीन दिले. हिशेब त्याच्याकडं एक जास्तीचा निघतोय. तेवढ्यासाठी कुनी हात तोडतं का? पैलवानकीत असं चालत न्हाई जमादार, तुमच्या पोलिसात चालत असंल तर बघा."

दिनकररावांना मनातून हसू आलं. त्यांनी तो दोर पुढं केला. "हा ओळखतोस?"

सटवाजीनं दोर हातात घेतला. बोटानं चाचपला. "ह्यो आमच्या वाघरीचा मूळदोर. वरच्या अंगाला ओवतो आमी, ज्याच्यावर सगळी जाळी तोलून ऱ्हाती." मग त्याचं बोट तुटलेल्या टोकाशी आलं, आणि त्याचा चेहराच उतरला. "हे... हे कुनी केलं?"

"काय?"

"लोखंड लावलं ह्याला! सायेब, वाघरीला लोखंड लावत न्हाईत. पिढ्यान्‌पिढ्या न्हाई. गाठ बसली तर दातानं सोडतो, नखानं सोडतो. न्हाईच सुटली तर बिरुबाचं नाव घेऊन तशीच ठेवतो. एकदा कोकरू जाळीत गुतून मेलं, तरी माझ्या बापानं कातर लावली न्हाई." त्यानं दोर कपाळाला लावला. ह्या धिप्पाड गड्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कोन्या कुळबुडव्यानं तोडली ही?"

दिनकरराव त्याच्याकडं बघत राहिले. हा सकाळी लिंबाखाली असता, तर दोराचं टोक बघून असा हादरला नसता. सटवाजी सुटला.

पण सुटताना तो एक गाठ मारून गेला. कुऱ्हाड येडबाच्या हातात होती. म्हणजे वाघरीचा दोर तोडला तो येडबानंच. गळा आवळायचाच होता, तर दोर तोडायची गरज काय? कोकरू मेलं तरी जाळीला लोखंड न लावणाऱ्या बापाचा हा पोरगा. आणि त्यानं कुऱ्हाडीच्या पात्याखाली पहिल्यांदा घातली, ती आपलीच वाघर?

४

परभणीच्या दवाखान्यात भुजंग भिंतीकडं तोंड करून पडला होता. दिनकरराव पहिल्यांदा गेले, दुसऱ्यांदा गेले; त्यानं मान वळवली नाही. डॉक्टर म्हणाले, बोलू शकतो, पण बोलत नाही. पाणी दिलं तर पितो, नाही दिलं तर मागत नाही.

"त्याची बायको असते का जवळ?"

"त्याला बायको नाही. होती. सुगंधाबाई. दिवाळीच्या सुमाराला बाळंतपणात गेली म्हणतात. हा तेव्हा कुठं तरी जत्रेला गेलेला होता. परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं."

दिनकररावांना बानूबाईचं बोलणं आठवलं. आईही बाळंतपणात गेली, बायकोही.

डॉक्टरांनी जखमेची हकीगत सांगितली. घाव तळहाताच्या बाजूनं मनगटात उतरलेला. "हात डोक्यावर उचललेला असताना बसलाय. माणूस वार चुकवायला हात वर करतो, तसा. वार डोक्यावर होता, हातानं झेलला. कोर्टात मी असंच सांगेन." मग जरा विचार करून ते म्हणाले, "जखमेत वाखाचे धागे मात्र फार निघाले. हाडापर्यंत रुतलेले. शेतातली घाण म्हणून आम्ही धुऊन काढले."

"वाखाचे? दोरीचे?"

"हो, तसेच."

"आणि गळ्यावरचा वळ?"

डॉक्टरांनी पलंगाजवळ नेऊन भुजंगच्या गळ्यावरची चादर हलकेच बाजूला केली. हनुवटीखालून निघालेला लालकाळा पट्टा दोन्ही बाजूंनी कानांच्या मागं चढत गेला होता.

दिनकरराव बराच वेळ तो पट्टा बघत उभे राहिले. मग त्यांनीच चादर परत सारखी केली, आईनं करावी तशी. भुजंगनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या पापणीच्या कोपऱ्यातून थेंब ओघळला.

त्यांना आता विचारायचं होतं ते उद्या निवांत विचारू, म्हणून ते परतले. चुकलंच ते. उद्या आला, तो निरोप घेऊन. भुजंगला धनुर्वात झाला होता. मेंढवाड्यातल्या मातीनं भरलेली कुऱ्हाड. विष अंगात हळूहळू चढलं होतं. दातखीळ बसली होती.

डॉक्टर म्हणाले, "हा आता बोलायचा नाही. जरा आवाज झाला, कुणी हात लावला, की सगळं अंग कमानीसारखं वाकतं. वाचणं कठीण आहे."

चंद्रभाननं निरोप ऐकला आणि सवयीनं म्हणाला, "गेला तर ३०२. येडबा फासावर."

५

दिनकररावांनी दत्तरावांना त्याच लिंबाखाली बोलावलं. दुपारची वेळ होती. मेंढरं दूर चरत होती.

"दत्तराव, बसा. मी बोलतो. चुकलं तिथं थांबवा."

दत्तराव बसले.

"गळ्यात दोर टाकून माणसाला ओढलं, तर वळ गळ्याभोवती आडवा जातो. भुजंगच्या गळ्यावरचा वळ कानामागं वर चढलाय. ओढ वरून होती. आणि वर तर येडबा नव्हता. वर ही फांदी आहे." त्यांनी बोट दाखवलं. लिंबाच्या आडव्या फांदीवरची साल एका जागी सोलवटून निघाली होती. "हात डोक्यावर उचललेला होता, हे खरं. पण वार झेलायला नाही. दोर धरायला. म्हणून दोराचे धागे त्याच्या हाडात गेले. घाव दोरावर होता, दत्तराव. दोर तुटला आणि दोराबरोबर हात."

दत्तरावांनी फांदीकडं पाठ फिरवली.

"येडबानं कुऱ्हाड फिरवली, कारण तुंब्यानं दोर तुटत नाही. आणि ती धमकी... आदल्या दिवशी येडबानं भुजंगला वाघरीचा मूळदोर सोडताना पकडलं असणार. बायको गेलेलं पोर दोर हातात घेऊन बसलेलं बघून ज्यानं त्याला खांद्यावर खेळवलं, तो दुसरं काय म्हणेल? फिरून हात लावशील तर हात तोडीन! बाप असाच ओरडतो, पोरगं विहिरीत वाकलं की."

रानात कुठं तरी कोकरू ओरडलं.

"येडबाच्या बापानं कोकरू मरू दिलं, पण वाघरीला लोखंड लावलं नाही. येडबानं लावलं. तेवढ्यासाठीच लावलं, दुसरं काही त्याच्या मनात असूच शकत नाही. आता एकच सांगा. दोराचा वरचा तुकडा फांदीला राहिला असणार. भुजंग तर हात तुटून पडलेला. येडबा तिथंच बसून होता, मी येईपर्यंत उठला नाही. मग फांदीवर चढून तो तुकडा कुणी सोडला?"

दत्तरावांनी पटका काढून मांडीवर ठेवला. उघड्या डोक्यानं ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"कडब्याच्या गंजीत हाय," ते म्हणाले. "अमीनसाहेब, माझ्या पोरीचं पिंगळीला ठरलंय. ज्या घरात बाया बाळंतपणात मरतात आन् गडी फास घेतात, त्या घरची पोरगी कोन करून घेतं? मला वाटलं, येडबाला वरीस-दोन वरीस होईल. त्याची मेंढरं मी सांभाळीन, बानूमायला पोटाला घालीन. मनात तेवढंच होतं. आईची आन, तेवढंच होतं."

"आणि आता भुजंग गेला तर त्याला फाशी होते. तेही ठाऊक होतं?"

"परवा कळलं. धनुर्वाताचं ऐकलं तवा."

"परवा कळलं. आज काय वार?"

दत्तराव रडायला लागले. दिनकररावांना त्यांची कीव आली आणि किळसही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ते उठून दूर जाऊन उभे राहिले. कुऱ्हाड ज्याच्या हातात होती, त्याच्या मनात पाप नव्हतं. आणि हा भला माणूस, कुणाला बोटही न लावता, एका निरपराध्याला फासाच्या दिशेनं ढकलत होता. रोज थोडं थोडं. गप्प बसून.

ठाण्यावर येऊन ते हवालातीत येडबाजवळ बसले.

"येडबा, लेकरू लिंबाला लटकलं होतं."

येडबानं दिनकररावांचे पाय धरले. "सायेब, त्याला बेड्या घालू नगा! गेल्या साली जिंतुराकडं त्या कुंभाराच्या सुनेला हिरीतून जिती काढली आन् पोलिसांनी तिलाच कोर्टात उभी केली. जीव देणं बी गुन्हा हाय म्हने. माझं पोर एक हाताचं झालंय, त्याला तुरुंगात कोन जेवू घालील?"

"म्हणून तू गप्प राहिलास?"

"बानूला सांगितलं, तू बी गप ऱ्हा."

मग त्यानं सांगितलं. दिनकररावांनी लिहून घेतलं नाही. त्यांच्यानं लिहवलंच नसतं.

"मेखा ठोकायलो होतो. वर बघितलं तर लिंबाला... पळालो. एका हातानं त्याचे पाय उचलून धरले. गाठ सोडायला येळ न्हवता, वाघरीचा इचार बी आला न्हाई. दुसऱ्या हातानं कुऱ्हाड घातली. आन् त्याच टायमाला, सायेब, त्याच टायमाला त्यानं हात वर घातला. दोर धरला. त्याला जगायचं व्हतं! मन बदललं व्हतं पोराचं! न्हाईतर हात वर कशाला गेला असता? जगायला म्हणून त्यानं हात वर केला, आन् तितंच माझी कुऱ्हाड बसली."

६

तर्क कितीही सरळ असला, तरी कोर्टाला माणसाचा शब्द लागतो. शब्द भुजंगकडं होता, आणि भुजंगचं तोंड बंद होतं.

डॉक्टरांनी मरणापूर्वीचा जबाब घ्यायला आलेल्या मॅजिस्ट्रेटसाहेबांना आणि दिनकररावांना खोलीच्या दारात अडवलं. खिडक्यांना काळी फडकी लावली होती. "प्रश्न म्हणजे आवाज. आवाज म्हणजे झटका. प्रत्येक झटका त्याचा थोडा थोडा जीव घेतो. एकच प्रश्न विचारू देतो. त्याहून जास्त नाही."

दाराशी भिंतीला टेकून बानूबाई बसली होती. आल्यापासून ती तिथंच होती. हात लावला की त्याला झटका येतो, म्हणून तिला आत जाऊ देत नव्हते. ती दारातून त्याच्या पायाच्या बोटांकडं बघत बसायची, तेवढीच तिला दिसायची.

एकच प्रश्न. येडबानं तुला मारलं का, असं विचारावं, तर खरं उत्तर 'हो'च येईल. कुऱ्हाड त्याचीच होती. तुला त्यानं मारायचं मनात आणलं होतं का, असं विचारावं, तर 'नाही' म्हणायला मान हलवावी लागेल, आणि मान ताठलेली. दिनकररावांनी मनातल्या मनात रामकृष्णहरी म्हटलं. आयुष्यभर ऐकलेल्या कीर्तनांतला एकही बोल मदतीला आला नाही. जे सुचलं ते त्यांचं त्यांनाच सुचलं.

ते पलंगाशी वाकले. श्वासाइतक्या हळू आवाजात म्हणाले, "बाळा, हो असेल तर डोळे मीट. येडबा तुला खाली उतरवायला आला होता का?"

भुजंगनं त्यांच्याकडं बघितलं. मग डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले, कितीतरी वेळ; एकदाचं मिटणं चुकून झालं असं कुणी म्हणू नये, म्हणून जणू. आणि मग अंग कमानीसारखं वर उचललं गेलं, आणि डॉक्टरांनी दोघांना बाहेर काढलं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टिपण केलं, सही केली, आणि चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुजंग गेला. त्याला बेड्या घालायचा प्रश्न उरला नाही.

७

येडबाला सोडायचा हुकूम त्याच दिवशी आला. दत्तरावांवर खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा दिनकररावांनी नोंदवला. दत्तरावांनी हू की चू केलं नाही. पिंगळीचं स्थळ मोडलं, हे त्यांनीच उभ्या उभ्या सांगितलं. कुणाला दोष दिला नाही.

चंद्रभाननं हवालातीचं दार उघडलं. येडबा उठला नाही.

"चल रे. सुटलास."

"सायेब, काई तरी लावा," तो म्हणाला. "हलकं लावा, पन लावा."

"कशाचं लावू? तुझा इरादा नव्हता. कोर्टानं मानलं."

"इराद्याचं तुमी बघा. तो जगायला निघाला व्हता, आन् म्या मधी आलो. माझी कुऱ्हाड मधी आली. एवढी कलमं हायेत तुमच्या बुकात, आन् ह्याला एक न्हाई?"

दिनकरराव आत गेले आणि त्याच्या शेजारी, फरशीवर, भिंतीला टेकून बसले. चंद्रभान बाहेर तोंड फिरवून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं दारात बानूबाई आली. ती सरळ परभणीहून आली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धुरळा होता. ती नवऱ्यापुढं बसली.

"त्याला घेऊन गेले," ती म्हणाली. "दत्तूमालकानं आग दिली."

येडबानं खाली बघतच विचारलं, "तुला भेटू दिलं का?"

"मागून दिलं. डाक्टर म्हनला, आता लाव बाई हात, आता झटका येत न्हाई." तिनं आपले दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले, त्यांच्याकडं बघितलं. "तोंडावरून फिरवला. दातखीळ सुटली व्हती त्याची. तोंड जरा उघडं व्हतं, ल्हान असताना पेता पेता झोपायचा ना, तसं."

येडबा तेव्हा रडला. धरल्यापासून पहिल्यांदा रडला. मोठ्यानं, उघड्या तोंडानं, आडरानात रडावं तसा. बानूबाईनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

दिनकरराव उठून बाहेर आले. दार त्यांनी लोटून घेतलं नाही.